पाच डोंगलांचं मतदान – प्रकल्प नोंदी

6 जानेवारी

विषय अखेर ठरला: कॉग्निटिव्ह रेडिओच्या जाळ्यात सहकारी स्पेक्ट्रम सेन्सिंग, म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा रिकामा आहे का हे अनेकांनी मिळून तपासणं. मिटोला आणि मॅग्वायर यांनी 1999 मध्ये कॉग्निटिव्ह रेडिओची कल्पना मांडली, तेव्हापासून मूळ प्रश्न तोच आहे. परवानाधारक आपला पट्टा वापरत नसेल तेव्हा दुसऱ्याने तो वापरावा आणि मालक परतला की मुकाट्याने जागा सोडावी. पण मालक घरात आहे की नाही हे कळणार कसं? दार वाजवून विचारायची सोय नाही, नुसता कान लावायचा. आपल्या आणि त्याच्या मध्ये एखादी जाड भिंत आली, तर तो असूनही ऐकू येत नाही. आपण निर्धास्तपणे बोलायला लागतो आणि त्याचं ऐकत बसलेल्या तिसऱ्याच्या कानठळ्या बसतात. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी चार-पाच जणांनी कान लावायचे आणि मिळून ठरवायचं.

आमचे पाच जण म्हणजे पाच स्वस्त आरटीएल-एसडीआर डोंगल, यूएसबीला लावायचे छोटे रेडिओ रिसीव्हर. आत आरटीएल2832यू चिप आणि आर820टी ट्यूनर, 8 बिटांचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग). मुळात टीव्ही बघायला बनवलेली वस्तू. सेकंदाला 24 लाख नमुने, प्रत्येक दोन बाइटांचा, घेतले तर एक डोंगल 4.8 मेगाबाइट ओततो, पाच मिळून 24. सगळे एकाच हबला लावले तेव्हा नमुने गळायला लागले, म्हणून दोन वेगळ्या कंट्रोलरांवर वाटून टाकले.

हवेत काहीही सोडायचं नाही, हे पहिल्याच दिवशी पक्कं केलं. सिग्नल जनरेटरमधून नॉइजसारखा, म्हणजे नुसत्या खरखरीसारखा सिग्नल, मग तो क्षीण करणारा अॅटेन्यूएटर, मग वाटून देणारा स्प्लिटर, तिथून केबलने पाच डोंगल. सिग्नल चालू-बंद करणं आमच्या हातात, त्यामुळे खरं उत्तर नेहमी माहीत असतं. प्रत्यक्षात ते कधीच माहीत नसतं.

8 जानेवारी

पहिला डिटेक्टर साधाच: ऊर्जा मोजायची. उर्कोविट्झने 1967 मध्ये याचं गणित मांडलं, अजून तेच चालतं. नमुन्यांचा वर्ग करा, सरासरी काढा, थ्रेशोल्डच्या, म्हणजे ठरवलेल्या उंबरठ्याच्या वर गेली तर सिग्नल आहे म्हणा. समोरच्या सिग्नलबद्दल काहीच माहीत असावं लागत नाही, हा त्याचा गुण. तोच त्याचा दोष.

थ्रेशोल्ड काढताना हात थबकला. 10,000 नमुने आणि खोट्या इशाऱ्याची शक्यता 0.1 धरली, तर थ्रेशोल्ड येतो नॉइजच्या 1.0128 पट. डेसिबलमध्ये 0.055. प्रकल्पातल्या जोडीदाराला वाटलं दशांश चिन्ह चुकलंय. पुन्हा मांडलं, तेच आलं. म्हणजे नॉइजची पातळी आपल्याला 0.05 डेसिबलपेक्षाही बारीक माहीत आहे, असं हे सूत्र गृहीत धरतं. एवढ्याशा डोंगलकडून ही अपेक्षा!

ऑटो गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते आपोआप बदलणं, बंद केला. फ्रिक्वेन्सी बदलल्यावर पीएलएल (ट्यूनरला नव्या फ्रिक्वेन्सीवर बसवणारं सर्किट) स्थिरावेपर्यंतचे नमुने टाकून द्यायचे, हेही आजच कोडमध्ये घातलं. ते न टाकता दुपारभर जे मोजलं ते सगळं कचऱ्यात.

13 जानेवारी

सकाळी मशीन सुरू केल्या केल्या, 50 ओहमचं टर्मिनेटर (कुठलाही सिग्नल न देणारं टोपण) लावून नॉइज मोजला, थ्रेशोल्ड बसवला आणि सिग्नल बंद ठेवून हजार वेळा तपासलं. सुरुवातीला शंभरात दहाच्या आसपास खोटे इशारे, अगदी पुस्तकात असावेत तसे. अर्ध्या तासाने शून्य. एकही खोटा इशारा नाही! आम्ही चक्क खूश झालो.

मग सिग्नल चालू केला, नॉइजच्या 15 डेसिबल खाली. तरीही शून्य.

डोंगल हातात घेतला तर चांगलाच तापलेला. तापला की त्याचा गेन उतरतो आणि नॉइजचं वाचन साधारण 0.3 डेसिबल खाली आलं होतं. थ्रेशोल्ड मात्र सकाळच्या थंड डोंगलचा. 0.3 डेसिबल म्हणजे सुमारे 7 टक्के. आमचा सिग्नल ऊर्जेत भर घालणार 3 टक्क्यांची. तो वरपर्यंत पोचणार कसा? मग उलट करून बघितलं: तापलेल्या डोंगलवर थ्रेशोल्ड बसवला आणि थंड झाल्यावर चालवला. दर वेळी इशारा.

इथे जास्त नमुने घेऊन भागत नाही. तांद्रा आणि सहाय यांनी 2008 मध्ये याच मर्यादेबद्दल लिहिलंय, तिला ते भिंत म्हणतात. नॉइजची पातळी 1 डेसिबलने इकडे-तिकडे असू शकत असेल, तर सिग्नल उणे 3.3 डेसिबलच्या खाली गेल्यावर ऊर्जा मोजून तो ओळखता येत नाही, जन्मभर ऐकत बसलात तरी. अनिश्चितता अर्धा डेसिबल असेल तर भिंत उणे 6.4 वर, 0.1 डेसिबल असेल तर उणे 13.4 वर.

आणि मागणी काय आहे बघा. टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यांत चालणाऱ्या जाळ्यांसाठीचं आयट्रिपलई 802.22 हे प्रमाण 2011 मध्ये आलं. त्यात 6 मेगाहर्ट्झच्या डिजिटल टीव्ही वाहिनीसाठी ओळखायची पातळी उणे 116 डीबीएम (1 मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल). तेवढ्या रुंदीचा नुसता औष्णिक नॉइजच उणे 106 असतो. वर रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज वेगळा. अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था एफसीसीने 2008 मध्ये उणे 114 ची अट घातली होती आणि 2010 मध्ये सेन्सिंगची सक्तीच काढून भौगोलिक डेटाबेसवर भिस्त ठेवली. आज डोंगल हातात धरून ते का झालं असेल हे समजलं.

16 जानेवारी

उपाय सापडला, नवा नाही. नॉइज आधी मोजून ठेवायचाच नाही. वाहिनीचा 600 किलोहर्ट्झचा तुकडा आणि त्याच खिडकीतला (डोंगलला एका वेळी दिसणाऱ्या पट्ट्यातला), मध्याच्या दुसऱ्या बाजूचा तेवढाच रिकामा तुकडा, एकाच वेळी मोजायचे आणि भागाकार घ्यायचा. गेन उतरला तर दोघांचा उतरतो, भागाकार जागचा हलत नाही. फिल्टरचा आकार दोन्ही बाजूंना अगदी सारखा नसतो, त्याचा गुणक एकदा मोजून ठेवला.

फुकट काहीच नाही. संदर्भाचा तुकडाही हलत असतो, म्हणून तेवढ्याच अचूकतेला दुप्पट नमुने: 20,000. या रुंदीला त्याचे 33 मिलिसेकंद होतात. चालेल.

डोंगल तापला, थंड झाला, पुन्हा तापला. खोटे इशारे दहा टक्क्यांच्या आसपास राहिले. आज लवकर घरी.

20 जानेवारी

आता पाच जणांना एकत्र बसवायचं. जोडीदाराने आलेख आणला: एकटा नोड, म्हणजे एक डोंगल, 60 टक्के वेळा सिग्नल ओळखतो, आणि "कुणीही एकाने हो म्हटलं तर हो" हा नियम लावला की पाच मिळून 99 टक्के! आलेख सुंदर होता. खाली खोट्या इशाऱ्यांचा आलेख काढायचा राहिला होता. तो काढला तर 0.1 वरून 0.41. पाच भित्री माणसं एकत्र बसवली की घाबरायला कारण लागत नाही.

बऱ्याच ठिकाणी ही तुलना अशीच अर्धी दिसते. न्याय्य तुलना म्हणजे पाचांचा मिळून खोटा इशारा 0.1 वरच बांधायचा आणि प्रत्येक नियमाला त्याच्या सोयीचा थ्रेशोल्ड द्यायचा. "कुणीही एक" साठी प्रत्येकाने फार कडक व्हायला हवं, एकेकट्याचा खोटा इशारा 0.021. "सगळे हो म्हणतील तरच हो" साठी उलट सैल, 0.63. बहुमतासाठी 0.247.

सगळे नोड सारखे आणि सिग्नलही सारखाच पोचतोय असं धरून आलेले आकडे: कुणीही एक 0.84, सगळे 0.855, बहुमत 0.944. मी "कुणीही एक" वर पैज लावली होती. तो नियम शेवटचा आला.

आणि हो-नाही न विचारता प्रत्येकाचा मोजलेला भागाकारच मागवून सरासरी काढली तर 0.984. एका नोडने "हो" म्हटलं की तो जेमतेम हो होता की ठणठणीत हो होता, ही माहिती तिथेच मरते. बहुमत आणि सरासरी यांच्यातली दरी म्हणजे ती मेलेली माहिती. दोन बिट पाठवले, म्हणजे "नक्की नाही, बहुधा नाही, बहुधा हो, नक्की हो", तर दरी बरीच बुजते. निकाल पाठवायच्या वाहिनीवर खर्चही फार नाही.

23 जानेवारी

मॅडमनी वरचे आकडे पाहिले. म्हणाल्या, "सगळ्यांकडे सारखा सिग्नल पोचतो तर पाच जण हवेतच कशाला? एकालाच पाचपट वेळ ऐकू द्या." खरं आहे. सारख्या नोडांचं सरासरी काढणं आणि एकाचं पाचपट ऐकणं, गणितात एकच. सहकाराची किंमत तेव्हाच वसूल होते जेव्हा एकाच्या वाट्याला भिंत येते आणि दुसऱ्याच्या येत नाही.

म्हणून अॅटेन्यूएटर प्रत्येक फांदीवर वेगळे लावले, भिंतीआड सिग्नल क्षीण होतो त्या सावलीची नक्कल म्हणून. लगेच चित्र पालटलं. चौघे बहिरे आणि एकाला स्वच्छ ऐकू येतंय, अशा वेळी बहुमत त्या एकाला गप्प बसवतं आणि "कुणीही एक" जिंकतो. त्या नियमाची मी 20 तारखेला केलेली बदनामी अर्धवट मागे घेतो.

पण सावल्या एकमेकींपासून कितपत वेगळ्या असतात? गुडमंडसनचं 1991 चं मॉडेल साधं आहे: दोन ठिकाणच्या सावल्यांचा संबंध अंतराबरोबर घातांकी कमी होतो. तो 37 टक्क्यांवर यायचं अंतर 50 मीटर धरलं आणि नोड एकमेकांपासून सरासरी 10 मीटरवर ठेवले, तर सहसंबंध 0.82. सरासरी काढण्यापुरतं बोलायचं तर असे पाच नोड म्हणजे प्रत्यक्षात 1.17 नोड. 150 मीटरवर नेले की 4.2. पाच माणसं एकाच भिंतीमागे उभी करून पाच साक्षी झाल्या म्हणायचं, तसला प्रकार.

हा 1.17 चा आकडा फळ्यावर लिहून ठेवलाय.

27 जानेवारी

आतापर्यंतचं सगळं 571 मेगाहर्ट्झच्या खिडकीत. मॅडम म्हणाल्या, एकाच जागी तपासून काही सिद्ध होत नाही, सरकवून बघा. खिडकीचा मध्य 575.4 वर नेला. वाहिनीचा तुकडा 575.7 ते 576.3.

सिग्नल बंद. पाचही नोड: हो. बहुमत: हो. सरासरी: त्याहून ठाम हो. तासभर चालवलं, एकमत ढळेना.

आधी जनरेटरवर संशय. त्याची वायर काढली. हो. स्प्लिटरच काढला, पाचही डोंगलना थेट टर्मिनेटर लावले. हो. म्हणजे केबलमधून काही येत नाही. हवेतून गळून येतंय असं धरून डोंगल पत्र्याच्या डब्यात घातले, झाकण लावलं, यूएसबीची वायर निघेल एवढीच फट ठेवली. पाचही हो. जोडीदार म्हणाला, "एवढं एकमत तर आपल्या दोघांतही नसतं."

28 जानेवारी

गेल्या पंधरा दिवसांत मी स्पेक्ट्रमचा आलेख उघडून बघितलाच नव्हता. कोड आकडे छापतो, मी आकडे वाचतो. आज उघडला. 4096 बिंदूंचा एफएफटी, म्हणजे खिडकीचे फ्रिक्वेन्सीनुसार 4096 कप्पे, एक कप्पा म्हणजे बिन 586 हर्ट्झची. सपाट गवत, आणि मधोमध एक सुई, शेजारच्या बिनांपेक्षा 15 डेसिबल उंच. असल्या 1024 बिन मिळून आमचा 600 किलोहर्ट्झचा तुकडा होतो. म्हणजे तुकड्याच्या एकूण नॉइजपेक्षा ही सुई 15 डेसिबल खाली. डोळ्याला ढळढळीत दिसते, बेरजेत 3 टक्के. थ्रेशोल्ड 1.3 टक्क्यांवर. बास.

सुई कुठे? बरोबर 576.000 वर. पाचही डोंगलांवर, त्याच बिनमध्ये. एक बिनही इकडे-तिकडे नाही.

यावरच अडकलो. ही डोंगलं स्वस्तातली, प्रत्येकाचं क्रिस्टल, म्हणजे आतलं घड्याळ, आपल्या मर्जीचं. पीपीएमची (घड्याळ दहा लाखांत किती चुकतं त्याची) सुधारणा आम्ही शून्यच ठेवली आहे. खात्री करायला जनरेटरमधून 576.1 वर एक खरा टोन सोडला. पाच डोंगलांनी तो पाच जागी दाखवला. टोकाच्या दोघांत 40 बिनांचं अंतर, म्हणजे 23 किलोहर्ट्झ, साधारण 41 पीपीएम. खरा सिग्नल पाच जागी दिसतो आणि ही सुई मात्र पाचही जणांना एकाच जागी दिसते. बाहेरून येणारी कुठलीच गोष्ट असं करू शकत नाही.

डोंगलचं क्रिस्टल 28.8 मेगाहर्ट्झचं. 28.8 गुणिले 20 बरोबर 576.

स्वतःच्याच घड्याळाची विसावी हार्मोनिक, म्हणजे विसावी पट. ट्यूनरही त्याच क्रिस्टलवरून चालतो आणि एडीसीही, त्यामुळे क्रिस्टल कितीही चुकलं तरी हार्मोनिक त्याच्याच मोजपट्टीवर मोजली जाते आणि दर वेळी अचूक 576.000 दिसते. पाच जण आपापल्या पोटातला आवाज ऐकून "बाहेर कुणीतरी आहे" म्हणत होते. आणि 16 तारखेचा भागाकार, ज्याच्यावर मी लवकर घरी गेलो होतो, त्याने हे उघडं पाडायच्या ऐवजी पक्कं केलं. सुई वाहिनीच्या तुकड्यात, संदर्भाच्या तुकड्यात नाही. टर्मिनेटर लावून त्याच खिडकीत नॉइज मोजला असता तर ती गुपचूप नॉइजमध्ये मिसळून गेली असती.

571 च्या खिडकीत असलं काही नव्हतं, कारण 576 त्या खिडकीच्या बाहेर आणि त्याआधीची हार्मोनिक 547.2 वर. निव्वळ नशीब.

29 जानेवारी

दुरुस्ती दोन ओळींची: 28.8 च्या पटींभोवतीच्या काही बिन बेरजेतून वगळायच्या. खोटे इशारे पुन्हा दहा टक्क्यांवर.

सोबत एक छोटी चाचणीही घातली: पाचही नोडांना ऊर्जा एकाच बिनमध्ये दिसत असेल तर तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. एकमत फार नेटकं असेल तर ते संशयास्पद, असं कोडमध्ये लिहिताना मजा वाटली. ही चाचणी अरुंद सुयांनाच लागू, रुंद सिग्नलला नाही. आणि पीपीएम आधीच सुधारून घेतला तर सगळं उलटं होतं: खरे सिग्नल एका जागी येतात आणि सुया विखुरतात. टिपणात ठळक केलंय.

3 फेब्रुवारी

खोटारड्या नोडचा दिवस. अभ्यासात याला बायझंटाइन हल्ला म्हणतात: एखादा नोड सेन्सिंगचा निकाल मुद्दाम खोटा पाठवतो, सगळ्यांना हाकलून पट्टा एकट्याने वापरायला किंवा मालकाला त्रास द्यायला. पाचातल्या एकाला "नेहमी हो" करून टाकलं. "कुणीही एक" नियम जागच्या जागी संपला, खोटा इशारा 100 टक्के. बहुमतात 0.1 चा 0.26 झाला. "नेहमी नाही" केलं तर बहुमताची ओळख 0.944 वरून 0.82.

यावरचा नेहमीचा इलाज म्हणजे पत: जो वारंवार बाकीच्यांपेक्षा वेगळं बोलतो त्याचं वजन कमी करत न्यायचं. लिहिला, चालला, खोटारडा तीसेक फेऱ्यांत निष्प्रभ. पण 28 तारखेनंतर हा इलाज मला पचत नाही. चेअर आणि वार्ष्णेय यांनी 1986 मध्ये काढलेला, निकाल एकत्र करायचा सर्वोत्तम नियमही प्रत्येकाच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असंच धरतो. वेगळं बोलणारा खोटारडा असेल. किंवा बाकीच्या चौघांच्या पोटात एकच क्रिस्टल असेल.

6 फेब्रुवारी

निकाल पाठवतानाच्या चुका, उगाच लांबवत नाही. प्रत्येक बिट 3 टक्के वेळा उलटा पोचत असेल, तर "कुणीही एक" नियमात खोटा इशारा 0.14 च्या खाली जाऊच शकत नाही, नोड कितीही कडक केले तरी. 0.1 चं उद्दिष्ट तिथेच बाद. बहुमत हे सहज सोसतं.

11 फेब्रुवारी

सहावा रिसीव्हर मिळाला, उसना, दोन दिवसांसाठी. वेगळ्या घडणीचा, 12 बिटांचा, आत 40 मेगाहर्ट्झचं घड्याळ. त्याच्या हार्मोनिक 560 आणि 600 वर, आमच्या खिडकीत एकही नाही.

बिन वगळणं मुद्दाम बंद केलं, मध्य पुन्हा 575.4, सिग्नल बंद, सहाही जणांना टर्मिनेटर. पाच हो, एक नाही. बहुमताने सिग्नल आहे. पत ठरवणारा हिशेब सुरू ठेवला होता. तिसाव्या फेरीच्या सुमारास सहाव्याचं वजन शून्याला टेकलं.